खाली पळणारी ओळ

हे मी रोज एक पान असं लिहीत आहे. जाड काळं स्केचपेन, एका पानावर आठ ओळी आणि डावा डोळा कागदापासून वीतभर. पान भरलं की थांबते. ज्यांच्या घरात कुणाला काचबिंदू झाला आहे, किंवा ज्यांच्या कानावर तो शब्द आताच पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं मी सांगणार नाही, ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगावीत. माझं काय गेलं, कशामुळे गेलं आणि जे उरलं ते कुणी राखलं, एवढंच सांगते.

सीमेपलीकडच्या, तेलुगू मुलखातल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी शाळांत मी आयुष्यभर शिकवलं. त्यातली बरीच वर्षं भीमपूर मंडलात, म्हणजे तालुक्यात, गेली. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं आदिलाबादला दोन खोल्यांच्या घरात राहू लागलो. मूलबाळ नाही. माझे यजमान किसनराव कापसाच्या बाजारात हर्राज पुकारायचे, म्हणजे शेतकऱ्याच्या ढिगापुढे उभं राहून मोठ्याने लिलाव चालवायचे. ते आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहिताना मला क्रियापद भूतकाळात घालावं लागतं आणि दर वेळी पेन थोडं थांबतं.

ठिपक्यांची परीक्षा

मला वाटलं होतं की चष्म्याचा नंबर वाढला आहे. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. चहा कपाच्या बाहेर पडायचा. आदिलाबादच्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, "नागपूरला जाऊन या."

नागपूरला मला एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवलं. त्यात हनुवटी ठेवायची, समोर बघायचं आणि उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. ठिपक्याआधी यंत्रातून बारीकसा टक् आवाज येतो, हे पहिल्या मिनिटातच माझ्या लक्षात आलं. मी परीक्षा घेणारी आणि परीक्षेला घाबरणारी बाई. टक् झालं की दाबत गेले. सगळे ठिपके टिपले या आनंदात हनुवटी उचलली.

तपासणी करणारी मुलगी हसू दाबत म्हणाली, "मॅडम, मधे मधे यंत्र नुसताच आवाज करतं, दिवा लावत नाही. तुम्हाला तो न लागलेला दिवाही दिसला."

"म्हणजे मी नापास?"

"नापास नाही. कॉपी. परत बसा."

दुसऱ्या वेळी मी खरं खरं बटण दाबलं. यंत्र टकटक करत राहिलं आणि माझ्यापुढे नुसती पांढरी भिंत. किती वेळ बोट हललंच नाही. मग डॉक्टरांनी एक कागद पुढे ठेवला. माझ्या दोन्ही डोळ्यांचे नकाशे होते. कडांना काळं आणि मध्ये थोडासा पांढरा तुकडा. उजवा जास्त काळा.

"पण मला तर काळं कुठेच दिसत नाही," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "दिसणार नाही. जिथे डोळा थकला, तिथे मेंदू आजूबाजूचं बघून भरून टाकतो. भिंत असेल तर भिंत, रस्ता असेल तर रस्ता."

मी त्या कागदाकडे बघत बसले. भीती नंतर आली. आधी आलं ते आश्चर्य. इतके दिवस मी जे बघत होते, त्यातलं निम्मं मीच रचलेलं होतं. माझ्या आत कुणीतरी बसून न सांगता, न थकता भिंती रंगवत होतं, रस्ते जोडत होतं.

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेलं राखायचं. थेंब चुकवायचे नाहीत. एक दिवससुद्धा नाही."

परतीच्या गाडीत चहा आला तेव्हा किसनरावांनी कप माझ्या हातात दिला आणि बोटं नीट बसेपर्यंत स्वतःचा हात काढला नाही.

टीव्हीचा हर्राज

थेंब चुरचुरायचे. डोळे लाल व्हायचे. त्यातल्या एका औषधाने पापण्या लांब झाल्या.

"मास्तरीण," किसनराव म्हणाले, "पापण्या पाह्य तुह्या. सिनेमातल्या बाईवानी झाल्या."

"मला नाही दिसत."

"म्हून तं सांगून राह्यलो."

वाचन कमी झालं तसा टीव्ही वाढला. आमच्याकडे डिशवर मराठी वाहिन्या लागतात. मालिका मला ऐकून समजायची, कारण मालिकेत माणसं सारखी बोलत असतात. जाहिरात लागली की माझा धागा सुटायचा. आधी आवाज धाडकन वाढायचा. मालिकेतली कुजबुज ऐकू यावी म्हणून वाढवलेला आवाज जाहिरातीत कानावर आदळायचा, आणि रिमोटवरची सगळी बटणं बोटांना सारखीच. तो कमी करेपर्यंत जाहिरात संपलेली असायची आणि मालिका मुकी झालेली.

शिवाय काय विकताहेत तेच कळायचं नाही. वारा, गिटार, ढोलाचे दोन ठोके, संपलं. बाळ खुदकन हसलं, घंटी वाजली, संपलं. ज्या वस्तूसाठी एवढा खटाटोप, तिचं नाव शेवटी पडद्यावर नुसतं लिहिलेलं. कुणी म्हणायचं, "आत्ताच खाली दिलेल्या नंबरवर फोन करा." माझ्या हाताखाली टीपॉय होता.

किसनरावांनी हे ओळखलं आणि त्यांना येत होतं ते केलं. बाजारात ढिगाच्या एका बाजूला शेतकरी उभा असतो, दुसऱ्या बाजूला खरेदीदार. पुकारणाऱ्यावर दोघांचाही विश्वास हवा. म्हणून तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला कापूस बाहेर काढतो आणि आधी दोष सांगतो, मग गुण. "वर पांढरा, आत पिवळी कवडी हाय, जराशी ओल हाय, धागा लांब. बोला!" स्तुती करायची नाही, निंदा करायची नाही, जे आहे ते सांगायचं. टीव्हीपुढे बसून ते तसंच पुकारायला लागले.

"बाई हाय. साडी हिरवी. मागं सासू, तोंड वाकडं. बाईनं डब्बा उघडला. सासूचं तोंड सरळ झालं. डब्ब्यावर मिरचीचं चित्र. बोला!"

"मसाला."

"सौदा सुटला मास्तरीणबाईले!"

कधी मी आधी सांगायचे. कढत चहा ओतल्याचा आवाज आणि गार सरबत ओतल्याचा आवाज वेगळा असतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. चहाचा आवाज मऊ, सरबताचा कडक. इतकी वर्षं रोज चहा ओतला आणि कधी ऐकला नव्हता. कोऱ्या कापडाचा आवाज, भाकरी फुगल्याचा आवाज, माणूस हसून बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाला येणारी रुंदी. डोळे होते तोवर हे सगळं माझ्या कानांपाशी येऊन परत जात होतं.

आजारपणातले ते दिवस वाईट नव्हते, हे मला लिहून ठेवायचं आहे.

सगळं ऐकू येणारी जाहिरात

मग ती जाहिरात सुरू झाली. दुपारी लागायची, लांबलचक. आधी बासरी, मग एका माणसाचा शांत, खोल आवाज. डोळ्यात घालायचे थेंब. मोतीबिंदू असो, काचबिंदू असो, ऑपरेशन नको, चुरचुर नाही, नजर पुन्हा लख्ख. बरे झालेले लोक बोलायचे. आणि फोनचा नंबर तो माणूस एकेक आकडा सुटा करून चार वेळा सांगायचा.

तोवर मी पाहिलेल्या, म्हणजे ऐकलेल्या सगळ्या जाहिरातींत ही एकच अशी होती की तिच्यातलं सगळं मला ऐकू येत होतं. कुणीतरी माझा विचार करून ती बनवली आहे असं मला वाटलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, खरंच केला असेल.

किसनराव नेहमीप्रमाणे पुकारत होते. "मानूस हाय. पांढरा कोट. मागं पानं, फुलं. हातात बाटली. खाली काईतरी पळून राह्यलं."

"काय?"

"इंग्रजी हाय. मुंग्यांच्या रांगेवानी. लय लवकर पळते."

"कंपनीचा पत्ता असेल. जाऊ द्या."

ते मराठी वाचायचे, तेलुगू वाचायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मला इंग्रजी येत होतं आणि दिसत नव्हतं. त्या खोलीत ती ओळ वाचायला लागणारं सगळं होतं, पण ते दोन माणसांत वाटलं गेलं होतं. आणि जाऊ द्या असं मी म्हटलं. हे मी मुद्दाम पुन्हा लिहिते. मी म्हटलं.

फोन किसनरावांनी केला, टपालाने आलेली बाटली त्यांनी पैसे भरून सोडवून घेतली. डॉक्टरांचे थेंब मी बंद केले. दोन औषधांची भेसळ नको, असं मीच ठरवलं. नवे थेंब गार लागायचे. डोळे लाल होईनात. मला वाटलं, बरं वाटतंय म्हणजे बरं होतंय.

चार महिन्यांनी एका सकाळी तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला. मी तो मिटला, आणि सगळं गेलं. खिडकीसुद्धा. मला वाटलं वीज गेली. मग आठवलं, सकाळ आहे.

बाटली

नागपूरला एक तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारलं, "थेंब कोणते घालता?" किसनरावांनी पिशवीतून बाटली आणि तिचं खोकं काढून दिलं. तिने खोकं फिरवून बघितलं.

"आजी, हे औषध नाही असं यावरच लिहिलंय."

"कुठे?"

"इथे. खाली." तिने माझं बोट धरून तिथे ठेवलं. खोकं तिथे गुळगुळीत होतं.

उजवा डोळा गेला होता. डाव्यातला दाब इतका वाढला होता की ऑपरेशन त्याच आठवड्यात करायचं ठरलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "एकच उरलाय, म्हणून घाई."

तारखेआधी दोन दिवस आम्ही घरी आलो. शेजारच्या घरात विजयालक्ष्मी राहतात, तेलुगू शाळेत इंग्रजी शिकवतात. किसनरावांनी त्यांना दुपारी बोलावून टीव्हीपुढे बसवलं. पहिल्या वेळी ओळ पळून गेली. दुसऱ्या वेळी अर्धी हाती लागली. तिसऱ्या वेळी त्यांनी फोनमध्ये फोटो काढला आणि त्यावर बोटं फिरवून अक्षरं मोठी केली.

"क्या लिखा है, मॅडम?" किसनरावांनी विचारलं.

"लिखा है, ये दवा नहीं है. डॉक्टर का इलाज बंद मत करना." त्या थांबल्या. "और भी है अण्णा, पर मतलब यही है."

किसनरावांनी टीव्ही बंद केला. विजयालक्ष्मी गेल्या. मग ते म्हणाले, "मी आनली बाटली."

"जाऊ द्या असं मी म्हटलं होतं."

"पन डोये तं माहे शाबूत होते ना! मले दिसून राह्यलं होतं काईतरी पळून राह्यलं म्हून. मास्तरीण, ढिगात हात घातल्याशिवाय मी आजवर बोली नाई पुकारली. एकदाबी नाई. अन् घरातच..."

मी त्यांचा हात शोधला. सापडला तेव्हा तो गार होता. मी पुष्कळ समजावलं. त्यांनी हो हो म्हटलं, पण त्यांचा आवाज मला आता चांगला ऐकू येत होता, आणि त्यांनी मानलेलं नव्हतं.

तिळाएवढी वाट

ऑपरेशनविषयी मला जास्त भीती नको होती, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं की तुम्ही नेमकं काय करता. ते म्हणाले, डोळ्यात पाणी तयार होत असतं, ते बाहेर जायची वाट बुजली आहे, मी दुसरी वाट करून देतो. केवढी? तिळाएवढीही नाही.

मी जागी होते. पांढरा उजेड, त्याच्याभोवती निळी कड, आणि पलीकडे कुणीतरी शांतपणे दोरा मागत होतं. तिळाएवढी जागाही नाही, आणि तिथे माणूस टाके घालतो. मला माझ्या डोळ्याचा विसर पडला. त्या हातांचंच नवल वाटत राहिलं.

घरी सोडताना नर्सबाईंनी बजावलं. तीन आठवडे डोक्यावरून पाणी नाही. वाकायचं नाही, ओझं नाही. डोळा चोळायचा नाही, दाबू द्यायचा नाही. जोरात खोकायचं नाही, रडायचं नाही. टाका ताजा आहे, वाट बुजली किंवा फाटली तर पुन्हा करायला जागा नाही. किसनरावांनी ते सगळं त्या व्हरांड्यातच हर्राजाच्या आवाजात म्हणून दाखवलं. पलीकडच्या बाकावरचे लोक हसले. ती ओळ कळल्यापासून ते पहिल्यांदाच पूर्वीसारखे बोलले होते.

माझी नणंद गोदाताई पैनगंगेकाठच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली. घरी कापूस वेचायचा होता, तो सोडून आली. शाळेत ती कधी गेली नाही. घड्याळही तिला वाचता येत नाही, पण थेंबांच्या वेळा तिने कशावरून तरी लक्षात ठेवल्या होत्या. एकदाही चुकली नाही.

नववा दिवस

ऑपरेशनच्या नवव्या दिवशी किसनराव माझ्या डोळ्यात सकाळचे थेंब घालून बाजारात गेले. हंगाम होता. दुपारी बाहेर माणसांचे आवाज आले. गोदाताई दाराशी गेली. तिथे कुणीतरी हळू बोललं. मग ती आत आली, माझ्यापुढे बसली आणि तिने माझी दोन्ही मनगटं धरली.

"वैनी, डोया नाई दाबाचा. आधी कबूल कर."

"काय झालं?"

"आधी कबूल कर."

मी कबूल केलं. मग तिने सांगितलं. ढिगापुढे उभे असतानाच ते खाली बसले आणि उठले नाहीत. तिचा भाऊ होता तो. सांगताना माझी मनगटं तिने सोडली नाहीत.

आमच्याकडे असं झालं की बाया येतात, गळ्यात पडतात, कपाळाला कपाळ लावून मोठ्याने रडतात. ज्याचं माणूस गेलं त्याला एकट्याने रडू द्यायचं नाही, अशी ती रीत आहे. आणि देह गेल्यावर घरातल्या प्रत्येकाने डोक्यावरून आंघोळ करायची. या दोन्हींतलं काहीही माझ्या डोळ्याला चालणार नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले होते. मान ताठ, पट्टीवर प्लास्टिकची वाटी. आत सगळं फुटत होतं आणि मी नाकाने मोजून श्वास घेत होते. त्या दिवशी माझ्यापुढे एकच काम होतं, तो डोळा जपायचा. तो मला कुणासाठी हवा होता, हेही त्या क्षणी माहीत नव्हतं.

गोदाताई माझ्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली. "तिच्या आंगाले कोनी हात नाई लावाचा. लांबून बसा."

आमच्या चुलत सासूबाई, सिंधूकाकी, दारातच थबकल्या. "व माय! नवरा गेला अन् हिच्या डोयात पानी नाई. शिकलेल्या बायाईचं असंच असते."

"मी रडून राह्यली ना तिच्या वाट्याचं," गोदाताई म्हणाली. आणि खरंच रडली. आधी दादा दादा म्हणत स्वतःचं रडली. मग थांबली, पदराने तोंड पुसलं, आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिने माझ्या तोंडचे शब्द म्हटले. अहो म्हणून हाक मारली. मला सोडून कुठं गेले म्हणून विचारलं. मी ताठ मानेने बसून माझंच रडणं तिच्या आवाजात ऐकत होते.

तिरडी गेल्यावर न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज आला. ते थांबलं. पुन्हा बादली भरल्याचा आवाज, पुन्हा पाणी. ओल्या केसांनी ती बाहेर आली तेव्हा सिंधूकाकींनी विचारलं, "दोनदा काऊन?"

"एक माही. एक वैनीची."

हे कुठल्या पोथीत बसतं का, मला माहीत नाही. तिने कुणाला विचारलंही नव्हतं.

दहाव्याला आलेली भेट

दहाव्याला सिंधूकाकी पुन्हा आल्या. जरा वेळ बसल्या, मग माझ्या मांडीवर काहीतरी ठेवलं. खोकं होतं. "त्या दिशी बोलली मी, मनावर नको घेऊ. डोयाचं औषध आनलं तुह्यासाठी. टीवीवर दाखवते ना, बासरीवालं." आणि चूक होऊ नये म्हणून त्यांनी ती बासरीची धून गुणगुणून दाखवली.

मी खोकं चाचपलं. "काकी, खाली ओळ पळते, ती वाचली का कुणी?"

"आमाले काय वाचता येते? ऐकतो आमी. मानूस चांगलं सांगते."

"तुम्ही घालता?"

"दोन महिने झाले. माही सून बी घालते."

खोलीत सात-आठ बाया होत्या. मी विचारलं, तर त्यांतल्या तिघींच्या घरी ती बाटली होती. इतके महिने मला वाटत होतं की त्या पडद्याच्या अलीकडे आंधळी मी एकटी. तसं नव्हतं. डोळे धडधाकट असलेली ही सगळी माणसं माझ्यासारखी नुसतं ऐकत होती. बोलणं मराठीत, आणि खरं ते इंग्रजीत, खाली, पळतं. मला एकदम आमचा सगळा सीमाभाग दिसला, एकेका घरात टीव्हीपुढे बसलेला, कान देऊन.

किसनराव गेल्यापासून मी कुणाशी धड बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. ती ओळ काय आहे ते सांगितलं. उजवा डोळा कसा गेला ते सांगितलं. "यांनी बाटली आणली म्हणून बायकोचा डोळा गेला, असं लोक बोलतात, मला ऐकू येतं," मी म्हटलं. "त्यांनी ओळ पाहिली होती आणि मला सांगितली होती. जाऊ द्या असं मी म्हटलं. हे सगळ्यांनी ऐकून ठेवा."

मग सिंधूकाकींनी माझ्या मांडीवरचं खोकं उचलून घेतलं. "आता सुनेले काय सांगू मी?"

"डॉक्टरला दाखवा म्हणून सांगा. दोघी जा."

मागणं

जाहिराती बनवणाऱ्यांच्या वाचनात हे कधी येईल असं मला वाटत नाही. तरी लिहिते. वस्तूचं नाव तोंडाने घ्या. नंबर तोंडाने सांगा. आणि जी सूचना पडद्यावर लिहिता, ती ज्या भाषेत विकता त्याच भाषेत, त्याच शांत, खोल आवाजात वाचून दाखवा. आवाज मोठा नको, पुरा हवा.

मी एका वाहिनीला फोन केला होता. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. तक्रारीचा नंबर पडद्यावर येतो म्हणाली.

आणि घरच्यांना एवढंच. औषधाचं खोकं मोठ्याने वाचा, खालची ओळ धरून. वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे न्या. पत्ता असेल म्हणून सोडू नका.

सहाव्या आठवड्यात

सहाव्या आठवड्यात गोदाताई मला नागपूरला घेऊन गेली. मधल्या तपासण्यांना डॉक्टर फक्त बघू म्हणाले होते. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ उजेड टाकला, दाब मोजला, पुन्हा मोजला. मी हनुवटी यंत्रावर टेकवून बसले होते आणि त्यांच्या श्वासावरून काही कळतं का ते ऐकत होते.

"वाट उघडी आहे," ते म्हणाले. "दाब उतरलाय. टाके बसलेत. एवढी नजर राहील, मॅडम. थेंब चालू ठेवा."

एवढी नजर म्हणजे हातभर लांब धरलेल्या बांगडीतून दिसेल तेवढी. त्या बांगडीत मला डॉक्टरांचा चष्मा दिसला आणि त्याच्या काचेत खिडकी. मी ती खिडकी बघत राहिले. ती कुणी रचलेली नव्हती. तिथे खरी होती.

गोदाताई उठली नाही. "डाक्टरसायेब, एक इचारू का?"

"विचारा ना."

"हिचा मानूस गेला. तिचं आप्रेशन ताजं होतं म्हून ती रडली नाई. एक टिपूस नाई. लोकाईचं ऐकून घेतलं, पन रडली नाई. आता रडू द्याचं का तिले?"

डॉक्टरांच्या स्टुलाची चाकं जराशी करकरली. मग त्यांनी चष्मा काढला असावा, कारण बांगडीतली खिडकी गेली.

"हो," ते म्हणाले. "रडू द्या. फक्त चोळू नका."

आम्ही बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो. मला वाटलं, आता नाही येणार. इतके दिवस अडवलं, ते कुठेतरी मुरून गेलं असेल. समोरून लोक नंबरचे कागद घेऊन जात होते. कुणीतरी कुणाला जेवलास का म्हणून विचारत होतं. गोदाताई शेजारी नुसती बसून होती.

मग आलं. आधी आवाज आला, माझ्याच छातीतून, आणि तो मला ओळखू आला नाही. मागोमाग पाणी आलं. गोदाताईने पदर पुढे केला नाही, गप्प राहा म्हणाली नाही, वाहू दिलं. डाव्या डोळ्यातून येईल हे मला ठाऊक होतं. थोड्या वेळाने मी उजव्या गालावर बोट ठेवलं, तर तोही ओला होता. त्या डोळ्याला उजेड कळत नव्हता, खिडकी कळत नव्हती, महिनोन्महिने काहीच कळलं नव्हतं. त्यालाही रडता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.